न आलेला कागद

कुडाळ-पिंगुळी पट्ट्यातल्या एखाद्या कचेरीत प्रिंटर बंद पडला की येणारा फोन ठरलेला असतो. "प्रिंटर परत अडाकलो, जरा येवन बगा." मेलमधलं एखादं पत्र किंवा बँकेचं स्टेटमेंट छापायचं असतं, बटण दाबलेलं असतं आणि कागद काही बाहेर येत नाही. समोर माणसं ताटकळलेली असतात. मग यंत्र बंद करून चालू करायचं, रांगेत अडकलेली कामं पुसून टाकायची आणि पुन्हा छपाईला द्यायचं. हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. लागू पडतो म्हणूनच कागद का आला नाही, हे कुणी विचारत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हा प्रश्न ढाक्यात एक दिवस उशिरा विचारला गेला. तोवर एका देशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले होते. त्या चार-पाच दिवसांचा घटनाक्रम आपल्याकडच्या पतपेढीत, सोसायटीत, काजूच्या कारखान्यात किंवा शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. खालच्या वेळा भारतीय आहेत. ढाका आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, मनिला अडीच तास पुढे, आणि न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे.

वर्षभर आधी

सुरुवात एका मेलने झाली. जानेवारी २०१५ मध्ये बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या मध्यवर्ती बँकेच्या, काही कर्मचाऱ्यांना 'रासेल अहलम' या नावाने पत्र आलं. मजकूर अगदी साधा: मला नोकरीची गरज आहे, माझा बायोडाटा या दुव्यावरून उतरवून घ्यावा. भाषा नम्र, धमकी नाही, लॉटरी नाही, घाईही नाही. असा कुणी माणूस अस्तित्वातच नव्हता. किमान एका संगणकावर ती फाइल उघडली गेली आणि चोरांना आत यायला वाट मिळाली.

आत आल्यावर त्यांनी लगेच काहीच केलं नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत, आंतरराष्ट्रीय पैशांचे आदेश देणारी 'स्विफ्ट'ची यंत्रणा कुठे आहे, ती कोण कधी वापरतं, तिचे कागद कुठे छापले जातात, हे त्यांनी शांतपणे पाहिलं. बँकेचं अंतर्गत जाळं जुन्या, दहा डॉलरच्या स्विचांवर चाललं होतं आणि नीटशी फायरवॉल नव्हती, असं नंतर बांगलादेशच्या पोलीस तपासातून पुढे आलं. मे २०१५ मध्ये मनिलाच्या मकाती भागात, रिझाल कमर्शियल बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीट शाखेत खोट्या ओळखपत्रांवर चार खाती उघडली गेली. प्रत्येकात ५०० डॉलर भरले आणि पुढे कित्येक महिने त्या खात्यांना कुणी हात लावला नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी २०१६, संध्याकाळ

बांगलादेशात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ तिथे आपल्याकडच्या शनिवार संध्याकाळसारखी. मोतीझील भागातलं बँकेचं मुख्य कार्यालय रिकामं झालं. न्यूयॉर्कमध्ये त्याच वेळी कामाचा दिवस सुरू होत होता.

चोरांनी दिवस निवडला होता तो तीन शहरांची पंचांगं शेजारी शेजारी ठेवून. ढाक्यात शुक्रवार-शनिवार बंद, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार बंद, आणि सोमवारी, ८ फेब्रुवारीला, चांद्र नववर्षानिमित्त मनिला बंद. एकाला शंका आली तरी उत्तर द्यायला दुसरा जागेवर नसेल, असे सलग चार दिवस. मनिलाची शाखा पुन्हा उघडणार होती मंगळवारी सकाळी. पैसे वाचवायला मुदत होती ती तेवढीच.

रात्री ८.०६

ढाक्यात ८ वाजून ३६ मिनिटं झाली होती. बांगलादेश बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे पैसे वळवण्याचे आदेश सुटू लागले. एकूण ३५ आदेश, रक्कम ९५ कोटी १० लाख डॉलर. बांगलादेश बँकेच्या तिथल्या खात्यातली जवळपास सगळी पुंजी. आदेश खऱ्या यंत्रणेतून, खऱ्या परवलीच्या शब्दांनी गेले होते, त्यामुळे पाहणाऱ्याला ते खोटे वाटण्याचं कारण नव्हतं.

सुरुवातीला ३५ च्या ३५ आदेश परत आले, कारण पैसे ज्या मधल्या बँकांतून जायचे त्यांची माहिती त्यांत नीट भरलेली नव्हती. चोरांनी ती भरून ते पुन्हा पाठवले. या वेळी पाच सुटले: १० कोटी १० लाख डॉलर. उरलेले ३० अडकले ते एका योगायोगाने. मनिलाच्या शाखेच्या पत्त्यात 'ज्युपिटर' होतं, आणि निर्बंधांच्या यादीतल्या एका इराणी जहाजाच्या नावातही तेच होतं. छाननीच्या संगणकाला ते खटकलं. ८५ कोटी डॉलर वाचले ते रस्त्याच्या नावामुळे. कुणाची दक्षता त्यात नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं.

न्यूयॉर्कमधून खुलासा मागणारे संदेश ढाक्याला निघाले. ते ढाक्यात पोचले की आपोआप छापले जायचे, हीच तिथली रीत होती.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

दहाव्या मजल्यावरच्या कडेकोट खोलीत एक प्रिंटर होता. एचपी लेझरजेट ४००, आपल्याकडच्याही कितीतरी कचेऱ्यांत दिसतो त्याच घराण्यातला. रात्रंदिवस चालू. बँकेतून बाहेर गेलेल्या आणि आत आलेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद तो कागदावर काढायचा. सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवर असलेले अधिकारी आले तेव्हा ट्रेमध्ये कागद नव्हता. त्यांनी हाताने छापून पाहिलं, जमलं नाही. असे बिघाड पूर्वीही झाले होते. हा नेहमीचाच प्रकार असं आम्ही समजलो, असं त्यांनी नंतर पोलिसांना सांगितलं. दुरुस्ती दुसऱ्या दिवसावर गेली.

मला या प्रसंगापाशी थांबायचं आहे, कारण सगळी कथा इथे वळली.

छपाई अडली की कामाची पद्धत अशी असते. आउटलुकमधलं पत्र छापलं जात नसेल, तर आधी विंडोजचं चाचणी पान काढून बघायचं. ते आलं, तर प्रिंटर आणि केबल ठीक आहेत, दोष मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. क्लासिक आउटलुकची छपाईची मांडणी 'आउटलप्रिंट' (OutlPrnt) नावाच्या एका फाइलमध्ये साठवलेली असते. ती बिघडली की मेल छापताना प्रोग्रॅम अडतो. आउटलुक बंद करून तिचं नाव बदललं, की पुढच्या वेळी तो नवी फाइल तयार करतो आणि काम सुरू होतं. चाचणी पानही आलं नाही, तर स्पूलर बघायचा. स्पूलर म्हणजे छपाईला दिलेली कामं रांगेत धरून ठेवणारी विंडोजची सेवा. रांगेतलं एक खराब काम मागची सगळी अडवून धरतं. सेवा थांबवायची, रांग रिकामी करायची, सेवा पुन्हा चालू करायची.

हे सगळं मी रोज करतो आणि ते बरोबरच आहे. पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: छापायचं काय होतं, हे माणसाला माहीत आहे. पत्र पडद्यावर समोर असतं, ते कागदावर उतरत नाही एवढंच. ढाक्याचा प्रिंटर तसा नव्हता. रात्री काय काय घडलं, हे माणसाला तोच सांगायचा. असा प्रिंटर थांबला की पहिला प्रश्न यंत्राबद्दल असायला नको. काल रात्रीपासून यातून काय यायला हवं होतं आणि आलं नाही, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर प्रिंटरच्या खोलीत सापडत नाही. ते फोनवर, दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे असतं.

यंत्रणेच्या आत काय झालं होतं, ते ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्स या कंपनीच्या अभ्यासकांनी एप्रिल २०१६ मध्ये उलगडून दाखवलं. चोरांनी स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमधल्या एका फाइलचे फक्त दोन बाइट बदलले होते. त्या दोन बाइटमध्ये एक तपासणी होती: ती पुरी झाली नाही तर पुढे जाऊ नकोस. त्या जागी 'काही करू नकोस' अशी सूचना बसवली. दार बंदच दिसत होतं, कडी तेवढी निघाली होती. मग त्यांचा प्रोग्रॅम येणारे-जाणारे संदेश वाचू लागला, स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी डेटाबेसमधून पुसू लागला, शिल्लक रकमेत फेरफार करू लागला. आणि छपाईला निघालेल्या फाइलीही त्याने वाटेत धरल्या. डेटाबेसमधली नोंद पुसता येते. कागदावर उतरलेली ओळ पुसता येत नाही, ती ट्रेमध्ये पडून राहते आणि सकाळी आलेल्या माणसाच्या हाती लागते. चोरांना कागदाची भीती का वाटली, ते यावरून कळतं.

पिंगुळीत गुढीपुरात ठाकरांच्या घरी चित्रकथीच्या जुन्या पोथ्या आहेत. सुटी सुटी चित्रं, पण क्रम पक्का. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि कथा चालते. मधलं एक चित्र गेलं तर कथा तिथेच अडते, आणि कुठलं गेलं ते सांगणाऱ्याला लगेच कळतं, कारण आधीचं आणि नंतरचं त्याला पाठ असतं. कचेरीतल्या कागदांची फाइल त्याच शिस्तीने लावलेली असेल, क्रमांक टाकलेले असतील, तर न आलेला कागदही दिसतो.

त्याच शुक्रवारी

मनिलाच्या त्या चार खात्यांत ८ कोटी १० लाख डॉलर जमा झाले आणि त्यातली काही रक्कम लगेच हलू लागली.

पाचवा आदेश श्रीलंकेचा होता, २ कोटी डॉलरचा, शालिका फाउंडेशन नावाच्या संस्थेच्या खात्यासाठी. त्यात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं होतं, 'फँडेशन' असं काहीतरी झालं होतं. मधल्या डॉइश बँकेत कुणीतरी ते वाचलं, थांबलं आणि विचारणा केली. ते पैसे परत आले. या सगळ्या प्रकरणात माणसाने वाचून, शंका घेऊन अडवलेली रक्कम ती एवढी.

शनिवार, ६ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

ढाक्यात सकाळचे ६. चोरांच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा स्वतःचा शेवट लिहिलेला होता: ६ फेब्रुवारीच्या सकाळी ६ पर्यंतच चालायचं. पाळत ठेवण्याचं त्याचं काम संपलं.

शनिवार, सकाळ ते दुपार

अधिकारी पुन्हा आले. आता स्विफ्टचं सॉफ्टवेअरच उघडेना. एक फाइल सापडत नाही किंवा ती बदललेली आहे, असा निरोप पडद्यावर येत होता. खटपट करून दुपारपर्यंत त्यांनी छपाई चालू केली, आणि एक दिवस अडकलेले कागद बाहेर आले. त्यांत न्यूयॉर्कचे प्रश्न होते. आपण न दिलेल्या आदेशांबद्दल आपल्यालाच खुलासा विचारला जातो आहे, हे वाचून त्या खोलीतल्या माणसांचं काय झालं असेल याची कल्पना कुणालाही करता येईल.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो. न्यूयॉर्कला थांबा म्हणून कळवायचं तर कसं? स्विफ्ट बंद. त्यांनी फेडरल रिझर्व्हच्या संकेतस्थळावरून मेलचा पत्ता घेतला, फोन केले, फॅक्स पाठवला. मेल गेला, पण त्या पत्त्यावर आलेले मेल शनिवार-रविवारी कुणी बघत नव्हतं. आउटबॉक्समधून पत्र 'सेंट'मध्ये गेलं म्हणजे कुणीतरी ते वाचलं, असं आपण सगळेच धरून चालतो. तसं नसतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकव्यवहाराच्या केंद्राला शनिवारी गाठायचा खात्रीचा फोन नंबर ढाक्यात कुणाकडे लिहिलेला नव्हता.

रविवार आणि सोमवार

रविवारी ढाका कामावर, न्यूयॉर्क घरी. सोमवारी, ८ फेब्रुवारीला, पैसे रोखण्याची विनंती मनिलाच्या बँकेकडे गेली. तिथे सुट्टी होती.

मंगळवार, ९ फेब्रुवारी, सकाळ

शाखा उघडली. पैसे रोखण्याचे संदेश बँकेत पोचलेले होते. तरीही खात्यांत उरलेले सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर त्या दिवशी बाहेर गेले. पुढे ते पेसोमध्ये बदलले गेले आणि कॅसिनोंत शिरले. त्या वेळी फिलिपाइन्सचा काळ्या पैशांविरुद्धचा कायदा कॅसिनोंना लागूच नव्हता, तो २०१७ मध्ये लागू झाला. माग तिथे संपला.

यानंतरचं थोडक्यात. गव्हर्नर अतिउर रहमान यांनी १५ मार्च २०१६ रोजी राजीनामा दिला. रिझाल बँकेला फिलिपाइन्सच्या मध्यवर्ती बँकेने १०० कोटी पेसोंचा दंड केला. शाखेच्या व्यवस्थापिकेला जानेवारी २०१९ मध्ये शिक्षा झाली. कॅसिनोच्या एका दलालाकडून सुमारे दीड कोटी डॉलर परत आले. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाच्या पार्क जिन ह्योक या प्रोग्रॅमरवर आरोप ठेवले.

ढाका लांब वाटत असेल, तर कुंभकोणम घ्या. ६ फेब्रुवारी २०१८. सिटी युनियन बँकेच्या स्विफ्टला जोडलेला प्रिंटर बंद पडला. तांत्रिक बिघाड असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळवताना जवळपास २० लाख डॉलरचे तीन खोटे व्यवहार दिसले. ढाक्याला दोन वर्षं झाली होती, वर्तमानपत्रांतून सगळं छापून आलेलं होतं, तरी प्रिंटर बंद पडला की माणसाचं मन आधी बिघाडाकडेच जातं. फरक एवढाच की इथे हिशेब दुसऱ्याच दिवशी जुळवला गेला, आणि म्हणून नुकसान आटोक्यात राहिलं.

आणि त्याच वर्षी आपलं पुणं. १९०६ मध्ये स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक, शनिवार ११ ऑगस्ट २०१८. दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी ७८ कोटी रुपये निघाले, देशातल्या एटीएममधून अडीच कोटी, त्यांत कोल्हापूरची यंत्रंही होती. या वेळी कागद अडवायची गरजच पडली नाही. बँकेचा म्हणून होकार देणारी खोटी यंत्रणाच मध्ये बसवलेली होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टवरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुन्हा शनिवार, पुन्हा सुट्टीची सावली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली.

सिंधुदुर्गातल्या छोट्या कचेऱ्यांना स्विफ्टशी देणंघेणं नाही, हे खरं. पण आमच्याकडे बिघाडाची सवय फार आहे. पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क जातं, खारट हवेने जोडण्या गंजतात. प्रत्येक अडचणीला एक तयार कारण हाताशी असतं, आणि चोराला नेमकं तेच हवं असतं. अनेक ठिकाणी एकच संगणक: त्यावरच मेल, त्यावरच नेटबँकिंग, त्यावरच अनोळखी माणसाने पाठवलेलं कोटेशन उघडायचं. वर चतुर्थीत गावंच्या गावं सुट्टीवर असतात. ढाक्याच्या चोरांनी शोधलेले चार दिवस आमच्या कॅलेंडरात दरवर्षी आयते छापलेले असतात.

म्हणून कचेऱ्या चालवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैशांचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्यावर मेल उघडू नका. बँकेचे संदेश किंवा रोजचं स्टेटमेंट नेहमीच्या वेळी आलं नाही, तर दुरुस्तीवाल्याच्या आधी बँकेला फोन करा, आणि तो नंबर मेलमधून घेऊ नका, आधीच वहीत लिहून ठेवलेला वापरा. छपाईची रांग पुसण्याआधी तिचा फोटो काढा, वेळ लिहा. सुट्टीच्या दिवशी बँकेतल्या कुणाला गाठायचं, हे चतुर्थीची सुट्टी लागण्याआधी विचारून घ्या आणि तो नंबर टेबलाच्या काचेखाली ठेवा. आणि पैसे गेल्याचा संशय आला, तर खात्री होईपर्यंत थांबू नका: १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, त्यावर त्याच क्षणी फोन करा.